रिकाम्या डब्यांची साक्ष

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. त्यात सांगण्यासारखं आहे तरी काय, असंच म्हणत आलो — थोडे डबे, एक ‘हो’, बस.

दोन हजारनंतरची ती वर्षं. गोंदियात माझं कॉम्प्युटर जोडून विकायचं दुकान होतं आणि शेजारी शेअरदलालाचं ऑफिस. तिथे आम्ही चौघे बसायचो — दोन राइस मिलवाले, पोस्टातून निवृत्त झालेले मेश्रामकाका आणि मी. मिलवाल्यांनी तांदळाच्या धंद्यातला आपला रिवाज शेअरांत आणला होता: खरेदी सामाईक, आणि चौघांचं एकमत झाल्याशिवाय नाही. एक अडला की सौदा अडला.

मला तिथे मान होता. का, तर मी कॉम्प्युटर विकायचो. वासरांत लंगडी गाय शहाणी.

तेव्हा दोन परदेशी चिप कंपन्यांत भावयुद्ध पेटलं होतं. धाकटीने भाव पाडले, मग थोरलीनेही पाडले. धाकटीचा माल भारतात पुरवणारी एक कंपनी आपल्या शेअरबाजारात होती. तिचा शेअर घ्यायचा की नाही, यावर आठवडाभर वाद चालला. मी पहिल्याच दिवशी छातीठोकपणे सांगून बसलो होतो — घ्या, धाकटीच जिंकणार. एकटे मेश्रामकाका अडले. दलालाकडचे शिळे पेपर ते घरी न्यायचे, कात्रणं काढून फाइलला लावायचे. त्यांचा मुद्दा सरळ होता. “थोरली स्वस्त झाल्यावर धाकटीले कोन पुसते जी?” घराच्या स्लॅबसाठी ठेवलेले पैसे त्यांना यात घालावे लागणार होते.

आणि ते बरोबर होते. मला ठाऊक होतं — थोरलीचे भाव उतरल्यापासून माझ्या दुकानात धाकटीची चिप कुणी मागितलीच नव्हती. एकानेही नाही. मग बोललो का नाही?

शेवटी मिलवाले म्हणाले, तुमचं दुकानच बघून घेऊ. पोत्यात नळी खुपसायची, मूठभर तांदूळ बघायचा आणि अख्ख्या वॅगनचा भाव ठरवायचा, ही त्यांची रीत. ते येणार त्या दिवशी मी दुकान लवकर उघडलं. माळ्यावर धाकटीच्या चिपचे जुने रिकामे डबे पडून होते — गिऱ्हाईक मशीन नेतं, डबा टाकून जातं. ते खाली काढले, धूळ पुसली आणि समोरच्या फळीवर रचले. कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही.

एका मिलवाल्याने डबा हलवून पाहिला. “खाली है. मतलब माल बिक रहा है.” त्याला मूठभर तांदूळ मिळाला होता.

काका डब्यांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. “भाऊ, तुम्ही सांगा. खरंच खपून राहिलं का?”

मी हो म्हटलं. वर हसून म्हटलं — काका, कागद वाचून धंदा कळत नसतो. सगळे हसले. काकाही हसले, आणि त्यांनी होकार दिला.

माझा त्यात फायदा नव्हता, माझेही पैसे बुडाले — पण त्याने काय हलकं होतं? मला चुकलेलं दिसायचं नव्हतं, एवढंच. तेही जन्मभर टपाल वाटलेल्या माणसासमोर. हेही लिहूनच टाकतो.

वर्षभरात शेअर मातीमोल झाला. मिलवाल्यांना फरक पडला नाही. काकांच्या घरावर स्लॅबऐवजी टिनाच राहिल्या. ते चिडले असते तर बरं झालं असतं. पण एका दुपारी ते दुकानात आले आणि त्यांनी पुन्हा तेच विचारलं — तेव्हा खपत होतं ना? दुकानात दुसरं कुणी नव्हतं. खरं सांगायला कसली अडचण होती? मी पुन्हा हो म्हटलं.

“मंग माझंच वाचन कच्चं,” ते म्हणाले. कात्रणांची फाइल माझ्या काउंटरवर ठेवली, तुमच्या कामी येईल म्हणाले आणि गेले. त्यानंतर त्यांच्या हातात पेपर मी कधी पाहिला नाही. आता ते नाहीत.

फाइल माझ्याकडे आहे. वादाच्या त्या आठवड्यातल्या कात्रणावर, समासात, पेन्सिलीने दोन ओळी आहेत: ‘आपला अंदाज बरोबर वाटतो. तरी भाऊंना विचारणे.’