पैठण गेटपासून अकिहाबारा

माझ्या मुलीने जपानमध्ये पाऊलही न ठेवता तोक्योतला एक बाजार मला फिरवून दाखवला, तोही आमच्या शहरातल्या गुलमंडी बाजारात. त्या बाजाराचं नाव अकिहाबारा. जपानी कार्टून, त्यांची चित्रकथांची पुस्तकं, त्यातल्या पात्रांच्या वीतभर उंचीच्या मूर्ती, व्हिडिओ गेम, हे सगळं विकणारी सात-सात मजली दुकानं तिथं एकाच रस्त्यावर आहेत. मला त्यातलं एकही पात्र ओळखता येत नाही. तिला तसंच माणूस हवं होतं.

कारण असं की, पुण्यातली एक ट्रॅव्हल कंपनी आपल्याकडच्या प्रवाशांचे गट जपानला नेते. त्यांना जपानी बोलणारी गाइड हवी होती. मुलगी उस्मानपुऱ्यातल्या क्लासात चार वर्षं जपानी शिकली, परीक्षा पास झाली आणि मग दोन वर्षं घरी बसून कारखान्याच्या मॅन्युअलची भाषांतरं करत राहिली. मशीनला तेल कधी घालावं हे ती दोन भाषांत सांगू शकते. त्याला ती कंटाळली होती. ही नोकरी तिला मनापासून हवी होती. निवडीसाठी कसोटी एकच: अकिहाबारा कधीच न पाहिलेल्या माणसांना तो अर्ध्या तासात दाखवायचा, परीक्षकांसमोर, पडद्यावरच्या फोटोंच्या आधाराने.

तिने सराव खऱ्या रस्त्यावर करायचं ठरवलं. प्रवासी दोन. एक मी आणि दुसऱ्या वन्सं, म्हणजे माझी मोठी नणंद. त्या छावणीत राहतात आणि बाजारात जायला त्यांना कारण लागत नाही.

रविवारी सकाळी आम्ही पैठण गेटपाशी जमलो. मुलीने मिटलेली छत्री उंच धरली.

"हे स्टेशन. आपण आत्ताच बाहेर पडलोय."

"मला तर पैठण गेट दिसतंय," वन्सं म्हणाल्या.

"आत्या, तू आता जपानमध्ये आहेस."

"मग हा पेरूवाला कधी आला इथं?"

टिळक पथ हा तिचा मुख्य रस्ता. मोबाइल दुरुस्तीच्या टपऱ्या दाखवून तिने सांगितलं की अकिहाबारा मुळात रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार, कार्टूनवाले नंतर आले. रेल्वेच्या पुलाखाली तसले गाळे अजून आहेत म्हणे. एका दुकानासमोर टांगलेल्या पर्सच्या रांगा म्हणजे खेळण्यांची यंत्रं. नाणं टाकायचं, खिट्टी फिरवायची, प्लास्टिकचा गोळा बाहेर येतो. आत काय निघेल ते आधी कळत नाही.

"नको ते निघालं तर बदलून देतात?" वन्संनी विचारलं.

"नाही."

"मग घेतं कोण?"

"सगळे घेतात, आत्या."

इथपर्यंत बरं चाललं होतं. पण तिच्या आवडीच्या एका कार्टून मालिकेचा विषय निघाला आणि ती त्या मालिकेच्या तिसऱ्या भागाबद्दल बोलत, समोर बघत, भराभर चालत सुटली. वन्संना उजव्या हाताच्या दुकानात एक मोरपंखी साडी दिसली. त्यांनी चप्पल काढली आणि गादीवर बसल्या. एकदा गादीवर बसलं की दुकानदार साड्या उलगडतच जातो आणि माणूस उठत नाही, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. मी त्यांना एकटं सोडून जाऊ शकत नव्हते. गाइड गुलमंडीच्या चौकात छत्री धरून एकटीच पोहोचली.

दहा मिनिटांनी ती परत आली आणि पायरीवर उभी राहिली. "आत्या, आपण आता त्या सात मजली दुकानाच्या चौथ्या मजल्यावर आहोत."

"हो गं, जरा टेकलेय."

"टूरमध्ये असं बसत नाहीत."

"बसू द्या ताई," दुकानदार म्हणाला. "चहा सांगू का?"

साडी घेऊन निघायला पाऊण तास लागला.

मी शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. घरी येऊन मी तिच्या चुका कागदावर लिहून दिल्या, क्रमांक घालून: वेग जास्त, मागे वळून पाहत नाही, स्वतःच्या आवडीचं फार बोलते. तिने कागद वाचला, घडी करून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मी नाही जात पुण्याला."

कागदातला एकही मुद्दा चुकीचा नव्हता. पण पेरूवाल्यापासून पर्सच्या दुकानापर्यंतचं सगळं मला नीट समजलं होतं, हे मी कुठंच लिहिलं नव्हतं. सांगायला गेले तेव्हा तिने कानात हेडफोन घातले होते. परीक्षेला दहा दिवस होते.

बुधवारी वन्संचा फोन आला, थेट तिला. तिने तो स्पीकरवर टाकला. "त्या साडीचा काठ उजेडात भलताच दिसतोय. रविवारी बदलायला जायचंय. तुझं जपान त्याच रस्त्यावर आहे ना? जाता जाता दाखव. मागच्या वेळी मला मध्येच टाकून गेलीस."

"मी टाकून गेले?"

"मग कोण गेलं? छत्री तुझ्या हातात होती."

ती हसली.

त्या रविवारी ती अर्धी मागे वळून चालली. बोलली कमी. साडीच्या दुकानात तिने स्वतः चप्पल काढली आणि आत्याच्या शेजारी गादीवर बसली.

"कोणासाठी घेतेस?"

"सुनेसाठी."

"तिला कोणते रंग चालत नाहीत?"

वन्सं थांबल्या. विचार करून त्यांनी तीन रंग सांगितले आणि समोरचा बराचसा ढीग मागे गेला. मुलगी म्हणाली, "आता या चारच बघ. मी आईला पुढचं दाखवून दहा मिनिटांत इथंच येते. तू हलायचं नाहीस."

पुढे तिने मला भांड्यांच्या दुकानाची काच दाखवली. अकिहाबारात काचेच्या कपाटातला एकेक कप्पा भाड्याने मिळतो. ज्याला आपल्या जमवलेल्या मूर्ती विकायच्या, तो कप्पा घेतो आणि त्या खोक्यासकट मांडतो.

"खोका उघडून बघता येतो?"

"नाही, आई. खोका उघडला की भाव पडतो. कोपरा दबलाय, डाग आहे, जे असेल ते चिठ्ठीवर लिहिलेलं असतं."

"आणि लोक त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवतात?"

"ठेवतात."

मी तर तांदळाचं पोतंही हात घालून बघते. मला हे पटलं नाही, पण लक्षात राहिलं. परत आलो तेव्हा वन्सं पिशवी घेऊन पायरीवर उभ्या होत्या. "दोन मिनिटं उशीर केलास," एवढंच म्हणाल्या.

परीक्षेच्या दिवशी मी तिला काहीही लिहून दिलं नाही. संध्याकाळी तिचा फोन आला. टूर निम्म्यावर असताना एक वयस्कर परीक्षक उठून कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, मी या दुकानातून निघणार नाही.

"मग?"

"मी शेजारी जाऊन बसले. विचारलं, कोणासाठी घेताय? ते म्हणाले, स्वतःसाठी."

"मग?"

"त्याची तयारी नव्हती माझी. म्हटलं, मग घाई करू नका. बाकीच्यांना गेमच्या मजल्यावर सोडून येते, मग इथूनच निघू."

"ते काय म्हणाले?"

"वहीत काहीतरी लिहून घेतलं."

चौथ्या दिवशी कळलं, निवड झाली. पहिल्या तीन सहलींत मुख्य गाइडच्या हाताखाली राहायचं. मी तिचा पासपोर्ट काढून मुदत तपासली. वन्संनी पेढे वाटले आणि छावणीभर सांगितलं, "तिची पहिली प्रवासी मीच."

पहिल्या सहलीत एका दुपारी मी ऑफिसात डबा खात असताना तिचा फोन आला. तिकडे संध्याकाळ व्हायला आली होती. मागे एवढा गोंगाट होता की मला डबा बंद करून बाहेर व्हरांड्यात जावं लागलं.

"आई, अकिहाबारात आहे."

"कसा आहे?"

"रस्ता फार रुंद आहे गं. आणि आवाज. हा आवाज फोटोत कळत नाही."

"बोलायला मिळालं का?"

"अजून नाही. पुढचा मजला मी दाखवायचाय. मुख्य गाइड म्हणाले, तू घे. लिफ्ट येतेय."

"मग फोन कशाला केलास? ठेव," मी म्हणाले.