जोडवी आवळली ती पक्कड

माझ्या बायकोचे पाय चाळीस वर्षं जळत होते आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिला सोंगाडी ठरवलं. आम्ही म्हणजे माझी आई, गल्ली, दोन डाक्टर, आणि सगळ्यात आधी मी.

शहागंजात माझं मोटारी-पंख्यांच्या वायडिंगचं दुकान होतं, जळालेली तार काढून नवी गुंडाळायचो. शिकलो चौथी, पण मोटार जळाली का ते नुसत्या वासावर सांगायचो. घरातल्या बाईच्या पायाला वास येत नव्हता, म्हणून काय कळलं नाय. चाललं की, चपला घातल्या की, ऊन लागलं की पाय लालभडक, हात लावला तर तवा. ती बादलीत पाय सोडून बसायची. आई म्हणायची, "राणी बसली हौदात. भाकरी काय हिचा बाप थापणार?" मी हसायचो.

बोटं सुजायची म्हणून ती जोडवी काढून ठेवायची. आईनं घर डोक्यावर घेतलं. नवरा जिता असताना बोटं उघडी? एक दिवस मी दुकानातली पक्कड आणली आणि जोडवी अशी आवळली की निघूच नयेत. ती ओरडली नाय. म्हणाली, "आवळा. मोटारीचा नट समजून आवळा."

एका डाक्टरनं वात सांगितला, दुसऱ्यानं डोकं फिरलंय म्हणून गोळी दिली. शेवटी ती दिवसभर पाय पाण्यातच ठेवायची. कातडी सुटली, जखमा चिघळल्या, विष अंगात भिनलं. गेल्या साली गेली. सवाष्ण गेली, भाग्याची, असं बायका म्हणत होत्या. एकेकीच्या तोंडात मारावीशी वाटली. पण पहिली माझ्याच बसायला पाहिजे होती.

तेरावं झाल्यावर लासूर स्टेशनला पोरीच्या सासरी गेलो. ती न्हाणीत दार लावून बसलेली. बाहेर आली तर पाय ओले, लाल.

"कधीपासून?"

"शाळेत होते तेव्हापासून."

"बोलली का नाय?"

"आईचं काय केलं तुम्ही, ते बघत होते की."



तिला शहरात मोठ्या दवाखान्यात नेलं. डाक्टरीण बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं, आम्हा दोघांचं रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्टाला लई दिवस लागले. मग बाईंनी सांगितलं, नसांना बारीक दारं असतात. मिठातलं सोडियम त्यातून आत शिरलं की दुखण्याचा निरोप मेंदूकडं निघतो. पोरीच्या जीनमधे जन्मापासून बदल आहे, म्हणून तिची दारं जराशा उबेनं उघडतात.

मी म्हणालो, "म्हणजे बटण चिकटलंय. बंदच होत नाय."

"तसंच समजा बाबा. आईकडून आलं असणार. तुमचं रक्त साफ आहे."

रक्त तेवढं साफ होतं माझं.

बाईंनी गोळ्या दिल्या. लागू पडतील, नाय बी पडतील, म्हणाल्या. पाय पाण्यात ठेवायचे नाहीत, बर्फ तर नाहीच. वाऱ्याला धरायचे. बोटात काही घालायचं नाही.

पोरीला घेऊन मी परत लासूरला गेलो. विहीणबाई म्हणाल्या, "जोडवी काढायची? आईचं सोंग लेकीनं उचललं म्हणा की."

मी पिशवीतून पक्कड काढली. "हिच्या आईची जोडवी मी ह्याच पकडीनं आवळली. नवरा जगला, बघा, समोर उभा आहे. बाई मेली. चालतं का तुम्हाला असं?"

"निदान जावयाला तरी विचारा."

"पाय काय जावयाचे जळतात?"

पोरगी पायरीवर बसली. मी पकडीनं जोडवी उकलायला बसलो. तिनंच बोट धरून दिलं. जोडव्याखाली काळा वळ होता.

मी टेबलफॅन आणलेला, स्वतः वायडिंग केलेला. तो ओसरीवर लावला. पोरगी म्हणाली, "आत लावा बाबा, लोक बघतील."

"बघू दे."

विहीणबाई पदर आवळून आत गेल्या. पोरीनं पाय पुढं केले. असे शेकडो पंखे मी लोकांचे फिरते केले. एक बी घरी आणला नाय.