बादलीतून परत येणाऱ्या गोगलगायी

चहा घेता घेता ऐका, पण एक अट आहे. ऐकून झाल्यावर माझ्याकडे त्या विशिष्ट नजरेने बघायचं नाही. ती नजर माझ्या मुलाने मला भरपूर दिली आहे, तीसुद्धा थेट अमेरिकेहून. जो मूर्खपणा मी करून बसलो, तो करायला माणूस फार शिकलेला लागतो. कमी शिकलेल्याचं ते काम नाही.

तर झालं असं. आयुष्यभर मी मंडईजवळ राहिलो. पहाटे भाजीच्या गाड्यांचा आवाज आला नाही तर जाग येत नसे. मग आमच्या निखिलने वाघोलीला नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तो आयटीत, सूनबाई मृदुलाही आयटीत. हिच्या पश्चात मला एकट्याला गावात कशाला ठेवायचं, म्हणून मला तिथे आणलं. आणि मी जरा स्थिरावतोय तोच कंपनीने दोघांनाही अमेरिकेला पाठवलं.

इमारत नवी कोरी. आमच्या विंगमध्ये अवघी चार बिऱ्हाडं, बाकी दारांना कुलपं. दुपारी लिफ्ट आपली आपण नवव्या मजल्यावर यायची, दार उघडायचं, आत कुणी नसायचं, दार मिटायचं आणि ती खाली जायची. मी दाराच्या भिंगातून बघत असायचो. मला वाटतं, तीही मला बघत असावी.

घरात माझ्याशिवाय जिवंत वस्तू एकच, ती म्हणजे निखिलची माशांची पेटी. तीन फुटी काच, तळाला काळी माती, तिच्यात लावलेली हिरवीगार रोपं, आणि त्यांच्यामधून फिरणारे बोटभर निळे मासे. जाताना निखिल म्हणाला, "बाबा, तीन महिने बघू. टँक नीट राहिला, तुम्ही नीट राहिलात, तर इथेच राहा. नाहीतर मग त्या ज्येष्ठ निवासाचा विचार करावाच लागेल."

ते निवास मी बघून आलो होतो. स्वच्छ आहे, बाग आहे, तिथली माणसं प्रेमळ आहेत. प्रत्येक पलंगाच्या उशाशी माणसाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. इतरांना कळावं म्हणून लिहिलंय की त्या माणसालाच, हे मी विचारलं नाही. माझे थोरले बंधू शेवटी शेवटी मला 'आपण कोण' असं फार आदराने विचारायचे. त्यामुळे ते मोठ्या अक्षरांतलं नाव माझ्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या आठवड्यात पानं मरायला लागली.

आधी एक पिवळं पडलं. मग ते हळूहळू काचेसारखं झालं, इतकं की त्याच्यामागून जाणारा मासा आरपार दिसायचा. पान म्हणून काही उरलंच नव्हतं, नुसता पानाचा आकार पाण्यात उभा. बोट लावलं की विरघळायचा. आणि अशा प्रत्येक पानावर एक गोगलगाय बसलेली असायची.

आता मी कोण? संख्याशास्त्राचा प्राध्यापक. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. परीक्षेत तो प्रश्न हमखास घातला आणि चुकणाऱ्यांना नापासही केलं. आणि त्या पेटीसमोर मी पाच मिनिटांत निष्कर्ष काढला: गोगलगायी पानं मारतायत.

मारणं मला जमत नाही. म्हणून रोज सकाळी आंघोळ झाल्यावर मी मोठ्या गोगलगायी वेचून बाल्कनीतल्या बादलीत, थोड्या पाण्यात टाकायचो. बऱ्याच साठल्या की जवळच्या तळ्यात सोडून येऊ, असा बेत. शिवाय त्या मातीत लपतात की काय, हे बघायला एकेक रोप उपटून मुळं तपासायचो आणि परत खोचायचो. सडकी पानं कातरायचो. पहिल्या दिवशी अकरा गोगलगायी निघाल्या. वहीत नोंद केली.

जेवलो, एक वाजता आडवा झालो. दुपारच्या झोपेत मी तडजोड करत नाही. चार वाजता उठलो, चहाचं आधण ठेवलं आणि सहज पेटीकडे बघितलं.

काचेवर गोगलगायी. मोजल्या. अकरा.

बाल्कनीत गेलो. बादली रिकामी, धुतलेली, कोपऱ्यात पालथी.

तुम्ही काय केलं असतं? ओरडला असता. मी वही उघडून पाहिली. 'अकरा काढल्या' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. पण लिहिलं म्हणजे काढल्या असं थोडंच आहे? नुसतं लिहूनही माणूस उठू शकतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा काढल्या. चार वाजता पुन्हा अकरा काचेवर. तिसऱ्या दिवशी बाल्कनीच्या दारापासून पेटीपर्यंत फरशीवर पाण्याचे थेंब होते, एका ओळीत, सारख्या अंतरावर. मी गुडघ्यांवर बसून ते निरखले. मग स्वतःचे हात बघितले. कोरडे होते. पुसले असतील.

कामाला सुशीलाबाई येतात. वाशीमकडच्या, नवरा जवळच्या कारखान्यात. त्यांच्याकडे घराची किल्ली असते, दुपारी मी झोपलेला असताना येऊन भांडी-फरशी करून जातात. सकाळी त्या खालच्या बिऱ्हाडाकडे कामाला येतात, तेव्हा मी त्यांना जिन्यात गाठलं.

"सुशीलाबाई, त्या पेटीतलं काही आपण हलवता का?"

"नाही काका. वहिनींनी सांगितलं व्हतं, पेटीच्या वाटी जाऊ नका."

"बाल्कनीतली बादली?"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुमी जेवले का काका?" असं मायेने विचारलं.

सकाळचे नऊ वाजले होते. मी म्हटलं, अजून नाही. त्यांनी मान हलवली, काहीतरी कळल्यासारखी.

बाई नाही म्हणाल्या, म्हणजे विषय संपला. सज्जन बाईवर संशय घ्यायचा नाही. मग उरल्या तीन शक्यता. एक, मातीतून रोज नव्या अकरा येतात. दोन, बादलीतल्या स्वतः चालत जातात. आणि तीन, मीच दुपारी उठतो, त्या परत नेऊन टाकतो, बादली धुतो, हात पुसतो, झोपतो आणि विसरतो. ही तिसरी शक्यता मी वहीत लिहिली नाही. त्यापेक्षा भूत परवडलं असतं. भूत निघालं असतं तर निवासात त्याला पाठवलं असतं.

पहिल्या शक्यतेवर आमच्या शास्त्रात उत्तम उपाय आहे. तळ्यातले मासे मोजायचे तर काही पकडून खूण करायची, सोडायचे, मग पुन्हा पकडून खुणेचे किती निघतात ते बघायचं. मृदुलाच्या खणात गुलाबी नेलपॉलिश मिळालं. अकरा गोगलगायी वर्तमानपत्रावर मांडल्या आणि चष्मा लावून प्रत्येकीच्या शंखावर एकेक ठिपका दिला. हात थरथरतो माझा. दोघींना जरा जास्तच लागलं.

मग त्या बादलीत टाकल्या. दुसऱ्या शक्यतेसाठी बादलीवर परात ठेवली आणि परातीवर माझा संभाव्यतेवरचा जाडजूड ग्रंथ. तो गोगलगायीला हलणार नाही, विद्यार्थ्यांनासुद्धा हलला नव्हता. दार लावून घेतलं आणि झोपलो.

खरं सांगतो, चार वाजता डोळे उघडले तरी बराच वेळ उठलो नाही. बाहेर काही आवाज नव्हता. फक्त पेटीच्या फिल्टरचं बुडबुड. मग उठलो.

काचेवरून गुलाबी ठिपके वर चढत होते. सावकाश, एकामागून एक. अकराच्या अकरा. आणि तो ग्रंथ कपाटात होता, त्याच्या नेहमीच्या जागी, धूळ पुसून.

कपाटातली त्याची जागा कुणाला माहीत? मलाच.

त्या क्षणी मी खुर्चीत बसलो आणि स्वतःचं नाव मोठ्याने उच्चारून बघितलं. आलं. हिचं नाव आलं, निखिलचं आलं. सतराचा पाढा म्हटला. तो बरोबर आला की नाही हे तपासायला मात्र घरात कुणी नव्हतं.

शनिवारी सकाळी निखिलचा संगणकावर फोन येतो, चेहरा दिसतो तसा. मी ठरवलं होतं, अवाक्षर बोलायचं नाही. दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला.

"बाबा, छान दिसताय. सगळं ओके?"

"उत्तम. अगदी उत्तम."

निखिल पडद्याजवळ आला. माझ्याकडे नव्हे, माझ्या खांद्यावरून मागे बघत होता.

"बाबा, त्या स्नेल्सवर पिंक काय आहे?"

मी वळून बघितलं. माझ्या मागे पेटी होती. मी इतका सावध माणूस, आणि खुर्ची नेमकी तिच्यासमोर मांडली होती.

"नेलपॉलिश," मी म्हटलं.

"कुणी लावलं?"

"मी."

 मग मृदुलाचा चेहरा शेजारी आला. दोघं बघत राहिले. ती नजर म्हणतो ना, ती हीच.

"त्याला कारण आहे," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. थेंब, ग्रंथ, तीन शक्यता. वहीसुद्धा कॅमेऱ्यासमोर धरली. ऐकताना मलाच जाणवत होतं की वाक्यागणिक मी त्या निवासाच्या फाटकाच्या एकेक पाऊल जवळ चाललोय.

"बाबा," निखिल हळूच म्हणाला, "पुढच्या शनिवारी बोलू. मी तिथे एक रूम ब्लॉक करून ठेवतो. जस्ट इन केस."

म्हणजे माझ्याकडे एक आठवडा होता.

सोमवारी मी झोपलो नाही. अकरा काढून बादलीत टाकल्या आणि बैठकीतल्या पडद्यामागे स्टूल घेऊन बसलो. मी स्वतःवरच पाळत ठेवायला बसलो होतो, आणि स्वतः येणार नाही ही माझी सगळी आशा. अडीच वाजले. लिफ्ट आली. दार उघडलं, मिटलं. मग आमच्या कुलपात किल्ली फिरली.

अनवाणी पावलं आली. थेट बाल्कनीत गेली. पाणी ओतल्याचा आवाज. मग पावलं परत, पेटीकडे, आणि थेंब, टप, टप, टप. पेटीचं झाकण उघडलं. टुळूक. टुळूक. मी मोजत होतो. अकराव्या टुळूकला मी पडदा सारला.

सुशीलाबाई किंचाळल्या. मीही किंचाळलो. त्यांच्या हातात आमचा पुऱ्या तळायचा झारा होता.

"काका, तुमी इथं काहून लपून राह्यले?"

"तुम्ही! आपण नाही म्हणालात मला."

त्या गडबडल्या नाहीत. झारा पदराने पुसला, मला हाताला धरून खुर्चीत बसवलं, पाणी आणून दिलं.

"माह्या सासऱ्याचं असंच झालं व्हतं काका. चपला तांदळात ठेवत. तुमी विसरले असं सांगितलं का माणूस लई भेते. म्हणून सांगाचं नाही. गुपचूप जागेवर ठेवून द्याचं. तुमी रोज यायले बादलीत टाकून विसरता, मी ठेवून देतो. ते पुस्तकही."

"अहो, मी विसरत नाही. मी मुद्दाम काढतो."

"काहून?"

"पानं मारतात त्या."

त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मेलेलं पान खातात काका त्या. आमच्या विहिरीतबी हायेत. जित्याले तोंड लावत नाहीत. पयली दोन-चार पिकून मेली असतीन, बाकीची पानं तं तुमच्यानं मरून राह्यली. रोज रोपं उपटलेली दिसतात, अर्धी वर तरंगतात. मीच खोचतो त्यायले पुन्हा. रोज उपटून पाह्यलं तं तुरीचं रोप जगन का?"

आणि कारणाचा हाच धडा मी फळ्यावर लिहीत आलो होतो. पस्तीस वर्षं.

"अन् रंग काहून लावला यायले?" त्यांनी अगदी हळू विचारलं. त्याचं उत्तर मी संभाव्यतेच्या भाषेत दिलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. तुमी पडा आता."

शनिवारी मी सुशीलाबाईंना मुद्दाम सकाळी बोलावलं आणि शेजारी बसवलं. निखिल दिसताच विजयी मुद्रेने सगळा उलगडा केला. मी विसरत नाही, हे सिद्ध झालं होतं. साक्षीदार हजर होत्या. निखिल हसला, मृदुला हसली. मग निखिल गंभीर झाला आणि मला वगळून म्हणाला, "बाई, तुम्ही रोज बघता. खरं सांगा. बाबा एकटे राहू शकतील?"

 माझ्या पदव्या, माझी वही, माझं सगळं म्हातारपण त्या एका उत्तरावर अडकलेलं. बाईंनी विचार केला. घाई केली नाही.

"राहू द्या त्यायले," त्या म्हणाल्या. "घरची सवय झाली आता. बाहेर-बिहेर गेले तं आणून ठेवीन जागेवर."

निखिलला ते पटलं. खोली रद्द झाली. मी इथेच आहे. पेटीला हात लावायची मला बंदी आहे, आणि पानं हिरवीगार झाली आहेत. शनिवारी फोन येतो तो आधी सुशीलाबाईंना. बोलणं पेटीवरून सुरू होतं, मग माझ्यावर येतं.

कधी दुपारी झोप येत नाही, तेव्हा मी बाल्कनीत जाऊन उभा राहतो. फार वेळ नाही. थोड्याच वेळात मागे अनवाणी पावलं वाजतात आणि कुणीतरी माझा दंड हलकेच धरून मला आत आणून ठेवतं.