आभाळखात्याची ठेकेदारीण

पेटी ट्रकच्या काठावरून मीच ढकलली, आणि पेटीत जैतूनबी होती. पेटी बाजाराच्या मैदानात दाणकन आदळली, धूळ उडाली, आणि आतून काहीच आवाज आला नाही. साहेबांनी दोन्ही हात डोक्याला लावले. हमाल मागे सरले. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "मेली बे चाची." मी ट्रकवर तशीच उभी होते. माझ्या मनात एवढंच आलं, की आतल्या गाद्यांची शिवण माझी आहे.

जैतूनबी अमडापुरातली पिंजारीण. नवरा गेल्यावर तिनं त्याची कापूस पिंजायची धनुकली भिंतीवरून काढली आणि दुसऱ्या महिन्यात दुकान उघडलं. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली, गालात कायम पान. तिच्याकडे आम्ही सहा जणी खोळी शिवायला होतो. कापूस भरताना कोणी घाई केली की ती ओरडायची, "कापसाले मारू नका वो, त्याले समजावा. मारलेला कापूस रुसते, मंग गाठ धरून बसते."

गादी तयार झाली की ती आधी स्वतः त्यावर आडवी व्हायची. या कुशीवर, त्या कुशीवर, मग उताणी. तोवर गादी दुकानाबाहेर जात नसे. एकदा एका पाटलीणबाईंच्या लेकीच्या लग्नाची गादी होती. बाई समोरच बसलेल्या. जैतूनबी आडवी झाली तशा त्या उठून उभ्या राहिल्या. "नव्या नवरीची गादी आहे, आणि तू काऊन लोळून राह्यली तिच्यावर?"

जैतूनबी उठली नाही. "मले गाठ सापडली तर मी काढीन. तुमच्या पोरीले सापडली तर ती रातभर तुमच्या नावानं बोटं मोडीन. सांगा, उठू का?"

पाटलीणबाई खाली बसल्या. जैतूनबीला एक गाठ सापडली, ती तिनं काढली, आणि पुढच्या दोन्ही लेकींच्या गाद्या तिच्याकडेच आल्या.

पण लग्नसराई संपली की गादी कोण शिवतं? पावसाळाभर आम्ही माश्या मारायचो. त्या वर्षी ती भुसावळला भावाकडे कायमचं जायचं बोलू लागली होती. ती गेली की आम्ही सहाही जणी घरी बसणार होतो, आणि आमच्यातल्या चौघींच्या घरी दुसरं कोणी कमावतं नव्हतं.

तेव्हा हे आभाळाचं खातं आलं. हैदराबादकडून सरकारचे लोक मोठाले फुगे सोडत. फुग्याला यंत्र टांगलेलं असे. ते वर जाऊन काय बघायचं ते बघे आणि छत्रीला लटकत आमच्या भागात कुठल्या तरी शेतात उतरे. मग साहेब लोक ट्रक घेऊन उचलायला येत. गंमत अशी, की आभाळातून पडलेलं यंत्र शाबूत असायचं, आणि अमडापूरहून रेल्वे गाठेपर्यंत आमच्या रस्त्यानं त्याची काच फुटायची. शेवटी खात्यानं ठरवलं, की आतून गाद्या लावलेल्या पेट्या इथंच बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायच्या. वर्षभराचं काम. पंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. चौथी शिकलेली मी एकटीच, म्हणून मी तो वाचून दाखवला.

जैतूनबीनं विचारलं, "आभाळाच्या खात्याले गाद्या काऊन लागतेत? वर कोणी झोपते का?"

मी समजावलं.

"एवढे शिकेल लोकं, त्याईले पेटीत कापूस भरता येत नाही?"

"येत नाही म्हणून तर बाहेर देतात, चाची."

"मंग बरोबर आहे. लाज नाही त्याच्यात."

सुताराकडून पेटीचा भाव घेऊन आम्ही आमचा दर लिहिला आणि नमुन्याची एक पेटी भरून दिली. लिफाफे दोनच आले, एक आमचा आणि एक मलकापूरच्या एका शेठचा. शेठचा दर बराच कमी होता. तो पेट्यांत गिरणीतली झाडलोट भरणार होता, हे साहेबांनी नमुन्यात बोट घालून पाहिलं होतं. पण साहेबांचे हात बांधलेले.

"चाची, नियम है. जिसका दर कम, उसका काम. महंगा लिया तो ऊपरवाले पूछेंगे."

"आन् काच फुटली तर वरचे इचारत नाहीत?"

साहेबांनी कागद पुन्हा वाचला. त्यात आणखी एक ओळ होती, की नमुना उंचावरून पाडून तपासावा. साहेबांचा चेहरा खुलला.

बाजाराच्या मैदानात ट्रक उभा केला. दोन्ही पेट्यांत एकेक चिनी मातीची बरणी ठेवली आणि पेट्या ट्रकवरून पाडल्या. शेठच्या बरणीचे चार तुकडे झाले. आमची शाबूत निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेठ मात्र हुशार माणूस. तो म्हणाला, "माझ्या बरणीला आधीच चीर होती. बरणीचा काय भरवसा? माझी तक्रार लिहून घ्या."

तक्रार लिहिली की कागद वर जाणार, पुन्हा लिफाफे मागवणार, आणि सगळं दिवाळीनंतर होणार होतं. तोवर जैतूनबी भुसावळला गेलेली असती. आम्ही एकमेकींकडे बघितलं. साहेबांनी नाइलाजानं पेनाचं टोपण काढलं.

जैतूनबी पान थुंकून पुढे आली. "साहेब, थांबा. ज्याले आधी चीर नाही हे समद्यायले ठाऊक आहे, असं काही ठेवा पेटीत."

"ऐसा क्या है, चाची?"

"मी."

तिनं पदर खोचला आणि हमालाच्या खांद्याचा आधार घेऊन ट्रकवर चढली. "मले कुठंच चीर नाही. इचारा गावाले." सारं मैदान हसलं.

"नहीं, नहीं! ये नियम में नहीं है!"

"मनाई लिहेल आहे का? सुमे, वाच."

मी कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मनाई नव्हती. तसं मी सांगितलं.

यंत्र मोठं, म्हणून पेटीही मोठी होती. पाय पोटाशी घेऊन ती आत मावली. हमालांनी झाकण लावून पेटी काठापर्यंत सरकवली, अर्धी बाहेर काढली, आणि हात काढून घेतले. पाप कोण डोक्यावर घेणार? साहेब तर पाठ करून उभे होते. मग आतून आवाज आला, "सुमे, तू ढकल. नाही तर उद्यापासून दुकानात येऊ नको."

मी ट्रकवर चढले आणि ढकललं.

हमालांनी झाकण उचकटलं तेव्हा जैतूनबी कुशीवर निजलेली होती, गालाखाली हात घेऊन. तिनं डोळे उघडले आणि साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"डाव्या कोपऱ्यात कापूस कमी पडला. आणखी एक मूठ भर."

मी ट्रकवरच मटकन बसले आणि हसायला लागले. मग सगळेच हसले, साहेब सगळ्यांत जास्त. जैतूनबीला दोघांनी धरून बाहेर काढलं. तिनं कपडे झटकले आणि शेठच्या पेटीवर थाप मारली.

"या शेठ. आता तुमची पाळी. बसा."

शेठनं पेटीकडे बघितलं, ट्रककडे बघितलं. "मला मलकापूरची गाडी गाठायची आहे," म्हणाला, आणि तक्रार नाही असं स्वतःच्या अक्षरात लिहून गेला.

साहेबांनी कागदावर लिहिलं, की नमुन्यात ठेवलेली वस्तू सुस्थितीत निघाली. मी ते वाचून दाखवलं तर जैतूनबी चिडली. "मी वस्तू हाय का बे? नाव लिहा!" साहेबांनी मुकाट्यानं वर तिचं नाव लिहिलं.

तिची कंबर पुढे आठ दिवस धरली होती. मी रोज तेल चोळत होते, आणि हे कोणाला सांगायचं नाही अशी तंबी होती. भुसावळचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. वर्षाचं काम पुढं दोनदा वाढवून मिळालं, आणि त्यावर आम्ही सहाही जणींनी तीन पावसाळे सुई चालवली. आमच्या पेटीतून गेलेल्या एकाही यंत्राची काच फुटली नाही, असं साहेबांनी कळवलं होतं.

त्या दिवशी पेटीतून निघाल्यावर जैतूनबी आणखी बावीस वर्षं जगली.