शेवंती नाचत नव्हती

"ही नाचत नाही, आजी. लंगडते आहे," डॉक्टर म्हणाले.

खोपोलीच्या अलीकडं घोड्यांचा एक दवाखाना आहे, तिथं आम्ही उभे होतो. शेवंती आमची वरातीची पांढरी घोडी, वय बावीस. दोन वर्षं ती बँडबरोबर मान वरखाली करायची. लोक शिट्ट्या मारायचे. माझा मुलगा सुभाष म्हणायचा, "बघ आये, म्हातारपणी ताल शिकली." मीही हसायचे. मग ती सकाळी आखडून चालायला लागली, म्हणून टेंपोत घालून इथं आणली.

डॉक्टरांनी समजावलं. पुढचा डावा पाय दुखतो. तो टेकला की भार पडू नये म्हणून ती मान वर उडवते. चांगला पाय टेकला की मान खाली येते.

"बँड नसताना डोलते का?"

"डोलते. आम्हाला वाटलं, सवय लागली."

त्यांनी वाकून तिचा डावा पाय उचलला.

मग फ्लेक्शन टेस्ट झाली. म्हणजे पाय मुडपून मिनिटभर धरायचा आणि सोडल्याबरोबर जनावर पळवायचं. शेवंती तीन पायांवर पळाली. मग एक्स-रे. तो येईपर्यंत आम्ही आंब्याखाली बसून राहिलो.

आर्थ्रायटिस निघाला. खुराच्या वरच्या सांध्यातली गादी झिजून हाडाला हाड घासत होतं. "बरा होणार नाही, सांभाळता येईल," डॉक्टर म्हणाले. मला काही वाटलं नाही. पिशवीतली भाकरी काढून खाल्ली.

सूज उतरायला पावडर दिली, ती चाऱ्यातूनच, उपाशीपोटी नाही. निघताना त्यांनी बजावलं, "पावडरनं दुखणं झाकलं जातं. चालते म्हणून काम घेऊ नका."

चार दिवसांत ती नीट चालायला लागली. मोहोपाड्याची एक वरात आधीच घेतलेली होती. सुभाष म्हणाला, "आये, शेवटचीच हाय. त्यांना दुसरी घोडी कुठं मिळंल आता?" मी नको म्हटलं नाही. सुभाषवर ढकलता येईल, पण झूल मीच चढवली.

त्या वरातीत तिची मान हलली नाही. नवऱ्याचे मित्र ओरडत होते, "आरं, नाचणारी घोडी सांगितली व्हती ना?" बँड तिच्या कानाशी नेला. तरी ती सरळ चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी डावा पाय टेकेना. अकरा दिवस टेकला नाही. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. "परत असं झालं तर तिला सोडवावं लागेल." म्हणजे इंजेक्शन देऊन मारावं लागेल. मी मान हलवली. त्या अकरा दिवसांत मी पाणी पाजलं, शेण काढलं. रडू आलं नाही. सुभाषनं झूल विकून टाकली.

आता तिच्या पायाखाली पेंढ्याचा जाड थर असतो. हरभरा आणि गूळ बंद केला, कारण वजन सांध्यावर येतं. नालबंद महिन्या-दीड महिन्यानं येऊन खूर पुढून आखूड करतो. सकाळ-संध्याकाळ मी तिला मातीच्या वाटेनं ओढ्यापर्यंत सावकाश नेते. बांधून ठेवली की जास्त आखडते.

तुमच्याकडं म्हातारं घोडं असेल तर वाजंत्री नसताना त्याला कडक जमिनीवर चालवा आणि मान बघा. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. त्या डॉक्टरांनी सांगितलं, त्यांचे उपकार आहेत.

गेल्या आठवड्यात आम्ही ओढ्यावरून येत होतो, तेव्हा रस्त्यानं वरात आली. नवरदेव मोटारीत होता. बँड आमच्या शेजारून वाजत गेला. शेवंतीनं कान तेवढे टवकारले आणि माझ्याबरोबर चालत राहिली. मी तिची मान बघत होते.

शेजारची सुशीला दारातून हसली, "काकू, नाच इसरली गं ही!"

"बरं झालं," मी म्हटलं आणि शेवंतीला आत नेलं.