लेडीबाईचं खोगीर

हलसूर बाजाराच्या मागच्या गल्लीत खंडोजी जीनगराचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे घर. आपले पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर खोगिरं शिवत शिवत बेंगळुरात आले, असं त्याच्या घरात सांगत. फौज पुढे गेली, खोगिरं शिवणारे मागे राहिले. तीनशे वर्षांत घरातली मराठी निम्मी कन्नड झाली, पण कुलदैवत खंडोबाच राहिला. खंडोबाचं वाहन घोडा, म्हणून या घरातलं कुणीही कधी घोड्यावर बसलं नाही. देवाच्या वाहनावर आपण टांग टाकायची नाही, हा नेम. खंडोजीने उभ्या आयुष्यात साहेबांना, मडमांना आणि कॉफीच्या मळेवाल्यांना कितीतरी इंग्लिश खोगिरं शिवून दिली. त्यात बसल्यावर कसं वाटतं ते त्याला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नव्हतं. बसणं हे गिऱ्हाइकाचं काम.

सत्तेचाळीस साली साहेब गेले तेव्हा गल्लीत साखर वाटली. खंडोजीनेही वाटली. पुढे वर्षभरात त्याच्या लक्षात आलं की साहेबांच्या पाठोपाठ घोडेही चालले. त्यांच्या जागी मोटारी आल्या, आणि मोटारीला खोगीर लागत नाही. मग तो कुत्र्यांचे पट्टे शिवू लागला, शाळेची दप्तरं शिवू लागला, आणि छप्पन्न साल उजाडेपर्यंत तेही कुणी मागेना. बिनकामाच्या गर्दीला लोक खोगीरभरती म्हणतात. खंडोजीला हा शब्द मुळीच आवडत नसे. खोगिरात लोकर भरायला किती अक्कल लागते हे त्या बोलणाऱ्यांना काय ठाऊक, असं तो म्हणे. पण आता तो स्वतःच सकाळपासून दुकानात भिंतीकडे तोंड करून नुसता बसून असे, आणि त्याची बायको सकवारबाई स्वयंपाकघरातून त्याची पाठ बघत असे.

जावई नागोजी चिकपेटेत ट्रंका आणि रेक्झिनच्या सुटकेसी विकायचा. माणूस सरळ होता. हलसुराकडे त्याला दुसरं दुकान हवं होतं, आणि सासऱ्याचं दुकान झोपलेलं होतं. दसऱ्याला आरी आणि हातोडी देवापुढे मांडलेली असताना त्याने विषय काढला. खंडोजीने आरीवरचं फूल सरळ केलं.

"एक शेवटचं खोगीर शिवीन," तो म्हणाला. "माझ्या मनासारखं. ते पुरं झालं की दुकान तुमचं."

"सरी, मामा," नागोजी म्हणाला. सरी म्हणजे कानडीत बरं.

देवासमोर दिलेला शब्द होता. फक्त खोगीर शिवायला गिऱ्हाईक यावं लागतं, त्यामुळे त्यात एक वर्ष गेलं.

सत्तावन्न साली गिऱ्हाईक आलं. शालन शहापूरकर बेळगावकडची, मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि हलसूर तळ्याजवळ राहायची. लग्न करायचं सोडून बाईने घोडी घेतली, असं गल्लीत म्हणत. घोडी रेसमधून निवृत्त झालेली, तांबूस, उंच, आणि बरगड्या मोजाव्यात इतकी हडकुळी. कागदावर तिचं नाव लेडी-अमुकतमुक असं लांबलचक होतं. गल्लीने ते लेडीबाई करून आटोपतं घेतलं. तयार खोगिरं तिच्या पाठीला बसत नव्हती, खांद्याच्या उंचवट्याशी दोन्ही अंगांना कातडं सोललं होतं.

खंडोजीने ती जखम पाहिली आणि बाईला बसायलाही न सांगता तो घोडीभोवती एक फेरी मारून आला. खोगीर दोघांना बसावं लागतं, वर माणसाला आणि खाली घोड्याला. तक्रार फक्त माणूस करतो, म्हणून बहुतेक कारागीर माणसाचं ऐकतात. खंडोजी आधी घोड्याचं ऐकायचा आणि मग माणसाला विचारायचा.

"उड्या मारणार काय, अक्का?" त्याने विचारलं. उड्या मारायच्या असल्या की खोगिराची बाजूची पाखं पुढे झुकलेली कापायची, नुसतं फिरायचं असलं की सरळ.

"मी नाही मारणार," शालन म्हणाली. "तिचं सांगता येत नाही."

"तिला पाखं लागत नाहीत."

सरळ पाखं ठरली. शालनचे पाय लांब होते, म्हणून नेहमीपेक्षा खाली उतरलेली. मग खंडोजीने शिशाची मऊ पट्टी घोडीच्या खांद्यामागे दाबून वाकवली, तो आकार कागदावर आखला, आणि तसाच मागे पाठीवर दोन ठिकाणी घेतला. बाईचं माप त्याने घेतलं नाही. परक्या बाईला टेप लावायचा नाही हा घरातला दुसरा नेम. ते काम सकवारबाईचं. तिने शालनला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं, कमरेपासून गुडघ्यापर्यंत हात टाकत गेली, आणि बाहेर येऊन म्हणाली, "अडीच वीत नि तीन बोटं." इतकं पुरे होतं. तिची वीत, तिची बोटं, तिची मूठ हे सगळं खंडोजीला संसारात पाठ झालेलं होतं. त्यावरून तो इंच काढायचा, आणि ते कधी चुकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधीच त्याने आरी मागितली.

कामाला धार आली. सुताराकडून सांगाडा आला, कातडं भिजलं, मेणदोरा ओढला गेला. शालनला सुट्टी रविवारी, म्हणून बघणं-बसवणं सगळं आइतवारी. आइतवार हा खंडोबाचाही वार. तिचा मोतद्दार देवाप्पा घोडीला घेऊन यायचा, खंडोजी माप ताडून बघायचा, आणि मग तो पुढे शालनशी बोलत शिवायला बसला की घोडी मागच्या दारी शेवग्याखाली बांधलेली असायची. तिथे सकवारबाई तिला भंडारा लावून पूजा करायची. खंडोजी त्यात लक्ष घालत नसे. पूजा हे बायकोचं खातं.

सांगाड्यावर बैठक चढली तेव्हा शालन त्यात बसली आणि उतरायलाच तयार होईना. बैठक जमली होती. पण घोडीला खोगीर आवळत होतं. पुढची कमान दोन्ही बाजूंनी दाबत होती, तळहात आत जाईना. खंडोजीने गादी उसवून लोकर काढली. पुढच्या आइतवारी परत आवळलं. पट्टी वाकली असेल म्हणून त्याने नवी पट्टी आणली आणि नव्याने माप घेतलं, ते जुन्यापेक्षा रुंद निघालं. सुताराला सांगाडा परत पाठवून कमान मोठी करून घेतली. महिना गेला आणि तीही पुरेना. मग त्याने डोळे तपासून घेतले. चष्मा आला, आणि चष्म्यातून खोगीर आणखी स्पष्ट आवळलेलं दिसू लागलं.

नागोजी अधूनमधून यायचा. घाई करायचा नाही, पण येताना सोबत पेंटर आणून त्याने एकदा पाटीचं माप घेऊन ठेवलं होतं.

"मामा, नेमकं घोडं पेंड खातंय कुठं?" त्याने विचारलं.

"माझ्या हातात," खंडोजी म्हणाला. "हात गेला."

त्याला ते मनापासून वाटत होतं आणि फार लागत होतं. आयुष्यभर एक गोष्ट यायची, तीही आता येईनाशी झाली. नाही बसलं तर शेवटचं खोगीर वाईट म्हणून दुकान बंद, बसलं तर पुरं झालं म्हणून बंद. निदान चांगलं होऊन बंद व्हावं, एवढंच त्याचं मागणं होतं, आणि तेवढ्यासाठी तो रोज पहाटे उठून काम करत होता.

एका आइतवारी मेण संपलं म्हणून तो आत गेला. मेण चुलीशेजारच्या फळीवर असायचं. मागचं दार उघडं होतं. शेवग्याखाली लेडीबाई उभी होती आणि तिच्यापुढे गल्लीतल्या बायका वाट्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. एकीच्या वाटीत भिजवलेले हरभरे, एकीच्या हातात मुद्दा, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, एकीने तर शिऱ्याची खालची खरवड आणली होती. सगळ्यांत पुढे सकवारबाई मूठ उघडून गूळ देत होती. देवाप्पा उंबऱ्यावर बसून स्वतःच्या वाटणीचा मुद्दा खात होता. बरगड्या कुठल्या, घोडीच्या पाठीवर आता पाट मांडून जेवता आलं असतं.

खंडोजी दारात उभा राहिला. रांग पांगली. बायकांना एकदम घरची कामं आठवली.

"हे कधीपासून?" त्याने विचारलं.

"पहिल्या आइतवारापासून," सकवारबाई म्हणाली. "देवाचं वाहन दारात आलंय. रिकाम्या तोंडानं धाडू?"

"अगं, तिची पाठ भरतीय. मी इकडं लोकर काढतोय नि तू तिकडून भरतीयस. तुला एवढं कळत नाही?"

"कळतं की. दुसऱ्या महिन्यात कळलं."

"मग?"

सकवारबाईने हात पदराला पुसले. "तुमी वरीसभर भिताडाकडं तोंड करून बसलेलं मी बगितलंय," ती म्हणाली. "ही घोडी आल्यापासनं तुमी चहाच्या आदी आरी मागता. हे खोगीर झालं की नागोजीअण्णा कुलूप बदलणार. मग मी परत तुमची पाठ बगत बसू? देवाला गूळ देते म्हणून सुरू केलं. मग तुमच्यासाठी दिला."

खंडोजीला राग आला होता. राग जायला तयार नव्हता, म्हणून खंडोजीही दारातून हलला नाही.

"मला वाटलं माझा हात गेला."

"हात कुठं जातोय," सकवारबाई म्हणाली. "घोडी जाड झाली."

मेण घेऊन तो बाहेर आला. शालन स्टुलावर बसून मुलींचे पेपर तपासत होती. त्याने जे होतं ते सांगितलं. "अक्का, घोडी जाड झालीय. आमच्याच दारात झालीय. आमचा दोष."

शालनने मागच्या बाजूला एकदा बघितलं. "मला वाटलं मी पथ्यपाणी नीट करतेय म्हणून भरली," ती म्हणाली. "मी घरी स्वतःलाच शाबासकी देत होते."

"आता आहे तशा पाठीला बसवून देतो. तुम्ही रोज फिरवा. फिरवली की ती उतरणार, खोगीर सैल होणार. मग आणा, मी लोकर भरीन. पावसाळ्यात फिरणं कमी झालं की परत भरणार. मग आणा, मी काढीन."

"असं किती दिवस, मामा?"

"पाठ आहे तोवर."

हे सांगता सांगता त्यालाच ते नव्याने कळत होतं. लोकर घालायची-काढायची हे तो पन्नास ठिकाणी बोलला असेल, पण त्याचा अर्थ कधी असा समोर आला नव्हता. त्याने खाली मान घालून गादी शिवली, सगळं बसवलं, आणि कमानीखाली हात घातला. तळहात सरळ आत गेला. शालन खोगिरावर बसून, पाय पाखांवर सोडून, तळ्याकडे निघून गेली. खंडोजी ती वळेपर्यंत बघत राहिला. हात गेला नव्हता. त्याचे डोळे भरले होते, आणि याचा दोष त्याने नव्या चष्म्याला दिला.

दुसऱ्या दिवशी नागोजी कुलूप घेऊन आला.

"खोगीर गेलं म्हणे."

"गेलं. पुढच्या महिन्यात येणार आहे."

"मामा, शब्द काय होता?"

"पुरं झालं की. पुरं झालेलं नाही."

नागोजीने कुलूप या हातातून त्या हातात घेतलं. "मग खोगीर पुरं होतं तरी कधी?"

"घोडी मरंल तेव्हा," खंडोजी म्हणाला. खोटं बोलत नव्हता.

नागोजीने थोडा विचार केला आणि निम्म्या दुकानात सुटकेसी लावल्या. देवासमोरचा शब्द त्यालाही मोडायचा नव्हता, आणि घोडीच्या मरणावर नवस बोलणं बरं दिसलं नसतं. पाटीवर सुटकेसीचं चित्र आलं, कोपऱ्यात लहानसं खोगीर आलं. सुटकेस घ्यायला आलेली माणसं घोडीला बघायला थांबत, आणि मग मोठी सुटकेस घेत. मळ्यावरचे दोनतीन जण आपापली खोगिरं लोकर बदलायला आणू लागले. काम फार नव्हतं, पण सकाळी चहाच्या आधी आरी लागेल एवढं होतं. लेडीबाई महिन्याच्या पहिल्या आइतवारी यायची, पुढच्या दारी मोजली जायची आणि मागच्या दारी तिला गूळ मिळायचा. खंडोजी दर वेळी म्हणायचा की गूळ बंद करा. सकवारबाई दर वेळी म्हणायची, सरी.

चौसष्ट साली पावसाळ्यात सकवारबाई तापाने गेली. खंडोजी कुणापुढे रडला नाही. दुकानात येऊन बसायचा, पण परत भिंतीकडे तोंड करून. लेक येऊन डबा ठेवून जायची. नागोजी गिऱ्हाइकांशी हळू आवाजात बोलायचा.

पुढच्या महिन्यात आइतवारी देवाप्पा घोडीला घेऊन आला. तो पुढच्या दाराशी थांबला, पण लेडीबाई थांबली नाही. म्हातारी झाली होती, वाट पाठ होती. बोळातून मागे गेली, स्वयंपाकघराच्या दारात मान घालून उभी राहिली आणि आत बघत राहिली.

खंडोजी उठून मागे आला. घोडी हटेना. त्याने फळीवरचा गुळाचा डबा काढला. तो कुठे असतो हे त्याला माहीत होतं, तो कधी उघडला मात्र नव्हता.

"किती देत होती?" त्याने विचारलं.

"सकवारअक्का मूठभर द्यायच्या," देवाप्पा म्हणाला.

खंडोजीने मूठ भरून गूळ घेतला. मुठीकडे बघितलं. मग त्यातला थोडा परत डब्यात टाकला, कारण सकवारबाईची मूठ लहान होती.