उजव्या हाताने धरलेला ट्राउट

ऑपरेशननंतर मिलिंदने आमच्या बेसिंगस्टोकच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे वरच्या फळीवरून खाली आणून ठेवले. नवरा माझ्यापेक्षा दोन इंच बुटका, त्यामुळे स्टुलावर चढून. उजव्या स्तनातली गाठ काढली, काखेतल्याही काढल्या, आणि हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. त्याने प्रेमाने केलं, मान्य. पण दीड वर्ष झालं, हात पुष्कळ सुधारला, तरी डबे खालीच. फोनवर नणंद, ऑफिसात मॅनेजर, मंडळातल्या बायका, सगळ्यांचं एकच पालुपद: हाताला जप. मला त्याचा वीट आला होता. म्हणून मी टेस्ट नावाच्या नदीवर फ्लाय फिशिंगचा, म्हणजे गळाला खोटी माशी लावून मासे धरायचा, एक दिवस बुक केला.

हे खूळ जोनचं. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात फिजिओच्या वर्गात भेटली, दुखणं माझंच. हिवाळाभर तिने मला पार्कात रॉडने दोरी फेकायला शिकवलं, टोकाला गळाऐवजी लोकरीचा धागा बांधून. सूज येऊ नये म्हणून दंडाला घट्ट स्लीव्ह घालायची आणि मधेमधे थांबायचं, एवढ्या अटीवर फिजिओने हो म्हटलं होतं.

"अगं पण दिवसभर? हात सुजला तर?" मिलिंद.

"सुजला तर सुजला. माझाच आहे ना?"

शेवटी तो म्हणाला, गाडी मी चालवतो.

तुम्हाला जायचं असेल तर मेच्या शेवटाला जा. मेफ्लाय नावाचे किडे तेव्हा पाण्यावर येतात आणि ट्राउट मासे त्यांच्यावर तुटून पडतात. दरही तेव्हाच चढे असतात. मी भाड्याच्या रॉडसकट दीडशे पौंड दिले. मासेमारीचं लायसन्स पोस्टातून वेगळं काढावं लागतं. बेसिंगस्टोकहून ए-थर्टी हायवेने पाऊण तास, मग शेतांमधला एक गाडी जाईल एवढा रस्ता आणि कुलूप लावलेलं फाटक. इथे नदीलासुद्धा मालक असतो. जवळच्या पबचं किचन दोनला बंद होतं, म्हणून मी थालीपीठं नेली होती.

फाटकाशी कीथ उभा होता, नदीची राखण करणारा, साठीचा. त्याने माझी स्लीव्ह पाहिली आणि रॉड मिलिंदच्या हातात दिला.

"मासे मी धरणार आहे," मी म्हटलं आणि रॉड काढून घेतला.

नियम कडक होते. तरंगणारी खोटी माशीच वापरायची, प्रवाहाच्या वरच्या अंगालाच फेकायची, आणि मासा तोंड वर काढताना दिसल्याशिवाय फेकायचीच नाही. पाणी इतकं नितळ की तळातलं शेवाळ हलताना दिसत होतं. अकराच्या सुमारास पहिल्या माशाने माशी घेतली आणि मी झटका दिला. गेला. दुसराही तसाच. आमच्या रत्नागिरीकडे बाबा गळ टाकायचे, तिथे दोरी हलली की ओढायची. तीच सवय नडली.

"घाई करताय," कीथ म्हणाला. "त्याला माशी घेऊन खाली वळू द्या. मनात 'गॉड सेव्ह द क्वीन' म्हणा, मग रॉड उचला."

राणीचं राणी बघेल. मी 'एक, दोन, साडेमाडे तीन' ठरवलं.

जेवणानंतर वारा सुटला आणि खांदा भरून आला. दोरी गोळा होऊन पाण्यात पडायला लागली. समोरच्या काठाला, झाडाखाली, एक मोठा ट्राउट पुन्हा पुन्हा वर येत होता. कीथने हात पुढे केला. "मी फेकून देतो. लागला की तुम्ही ओढा. पाहुण्यांसाठी नेहमी करतो."

"घे ना मदत," मिलिंद म्हणाला. "फोटो तरी होईल."

मला इतका राग आला की रडूच फुटणार होतं. "मला फोटो नकोय. रिकामी घरी जाईन, पण फेकणार मीच. दीड वर्ष सगळं कुणीतरी माझ्यासाठी करतंय."

कीथ मागे सरून गवतात बसला. मी काठावरच्या खोपटाच्या दारावर फिजिओने शिकवल्यासारखी बोटं चालवत हात वर नेला. दुखलं. पुन्हा नेला. मग रॉड उचलला. तीनदा चुकलं. चौथ्यांदा माशी त्याच्या नाकासमोर उतरली आणि त्याने सावकाश तोंडात घेतली. एक, दोन, साडेमाडे तीन. रॉड वाकला. तो खाली पळाला, वर आला, पुन्हा पळाला, पण मी रॉड सोडला नाही. शेवटी मिलिंद बुटांसकट पाण्यात उतरला आणि त्याने जाळी धरली. तपकिरी अंग, त्यावर लाल ठिपके. घरी नेला तर चालेल, कीथ म्हणाला. नेला.

दुसऱ्या दिवशी मनगट थोडं सुजलं. फिजिओने आठवडाभर विश्रांती सांगितली, ती मी घेतली. आता कुणी विचारलं की एवढ्या खर्चात काय मिळालं, तर मला मासा आणला त्याच संध्याकाळचं आठवतं. हळद-तिखट लावून, रव्यात घोळवून ट्राउट तळला. जेवण झाल्यावर मिलिंद रव्याचा डबा ठेवायला खाली वाकला.

"तो वर जाईल," मी म्हटलं.

उजव्या हाताने ठेवला. मग डाळी, मग साखर, शेवटी चहा. तेव्हापासून सकाळी मिलिंदला चहा करायचा असला की स्टूल घ्यावं लागतं, नाहीतर मला हाक मारावी लागते. तो हाक मारतो.